आज्ञावलीचीही उगवण-चाचणी हवी

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून घ्यावी, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास आता नव्याने सांगावयास नको. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवावयाचे, पाच-सात दिवसांनी किती दाण्यांना सुदृढ कोंब आले ते मोजावयाचे, आणि त्यावरून बियाण्याचे एकरी प्रमाण ठरवावयाचे, ही रीत सोयाबीनच्या पट्ट्यात चांगलीच रुळली आहे. वाण कितीही नामांकित असो, ते ज्या विद्यापीठाने काढले त्याचा लौकिक कितीही मोठा असो. या वर्षीचे, या पोत्यातले बी उगवेल किंवा नाही, याचे उत्तर त्या शंभर दाण्यांवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही.

अलीकडच्या काळात शेतीच्या निविष्ठांत एका नव्या निविष्ठेची भर पडली आहे. ती पोत्यात येत नाही, बाटलीत येत नाही. ती मोबाइलमधून येते. पाणी केव्हा द्यावे, फवारणी केव्हा करावी, पानावरचा डाग कोणत्या रोगाचा आहे, अशा प्रश्नांची उत्तरे ती देते. संगणकाने किंवा मोबाइलने एखादे काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर, म्हणतात. यांतील पुष्कळशा आज्ञावलींचा जन्म विद्यापीठांत व संशोधन संस्थांत होतो आणि तेथून त्या नवउद्योजकांच्या हाती जातात. प्रयोगशाळेतून बाजारात जाण्याच्या या वाटेवर त्यांची तांत्रिक सिद्धता कोणी, कोठे व कशी जोखावयाची, हा प्रश्न वरवर पाहता शहरातील तज्ज्ञांचा वाटतो. परंतु चुकीच्या सल्ल्याने वाया जाणारा हंगाम शहरात नसतो, तो शेतात असतो. यास्तव या प्रश्नाचा विचार शेतकऱ्यांनी आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही करणे अगत्याचे आहे.

पुणे आणि संगोपन केंद्रे

या विषयाचा विचार करावयास पुण्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. भारत हवामानशास्त्र विभागाने कृषि हवामानशास्त्राची शाखा १९३२ साली पुण्यातच सुरू केली. उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था १९६२ पासून येथे आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ मध्ये येथेच स्थापन झाले. मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. शिवाजीनगरचे कृषि महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे अंग आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांचे संगोपन केंद्र चालते. एका शहराच्या पंचक्रोशीत हवामान, पीक, संगणक आणि उद्योग या चारही अंगांची जाण असणाऱ्या संस्था एकत्र असणे हा योग दुर्मीळ होय.

संगोपन केंद्र, ज्यास इंग्रजी शब्दावरून इन्क्युबेशन सेंटर म्हणतात, ते नवउद्योजकास जागा, मार्गदर्शन, ओळखीपाळखी आणि आरंभीचे थोडे भांडवल मिळवून देते. शेतीपुरते पाहिले तर राष्ट्रीय कृषि विकास योजनेच्या ‘रफ्तार’ या अंगाखाली २०१८-१९ पासून अशा केंद्रांचे जाळे देशभर विणले गेले. कल्पनेच्या अवस्थेत ५ लाख रुपयांपर्यंत व बीजभांडवलाच्या अवस्थेत २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद त्यात करण्यात आली. हा पैसा सार्वजनिक आहे. तो कोणत्या आज्ञावलीवर लावावा व कोणत्या आज्ञावलीस अजून वेळ द्यावा, हे ठरविण्याची जबाबदारी केंद्रांवर येते.

इन्क्युबेटर हा शब्द कुक्कुटपालनातही आहे, आणि त्या धंद्यातील रीत येथे उपयोगी पडण्यासारखी आहे. कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. परंतु जाणता माणूस एकविसाव्या दिवसापर्यंत स्वस्थ बसत नाही. साधारणपणे सातव्या दिवशी तो प्रत्येक अंडे प्रकाशापुढे धरतो आणि ज्यात जीव धरलेला नाही ते बाजूस काढतो. बाहेरून सर्व अंडी सारखीच दिसतात. आज्ञावलीचेही तसेच आहे. मोबाइलच्या पडद्यावर देखणी दिसणारी प्रत्येक आज्ञावली आतून सारख्याच योग्यतेची असते असे नाही.

सिद्धतेच्या नऊ पायऱ्या

नवे तंत्र कितपत तयार झाले आहे हे मोजण्याची एक पद्धत जगात मान्यता पावलेली आहे. तिचा उगम अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेत झाला. अंतराळात धाडलेले यंत्र दुरुस्तीसाठी परत आणता येत नाही. तेव्हा ते निघण्यापूर्वी किती तयार आहे हे नेमके सांगता येणे तेथे आवश्यक होते. स्टॅन सॅडिन यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कल्पना मांडली. आरंभी पायऱ्या सात होत्या. पुढे १९९५ मध्ये जॉन मॅनकिन्स यांनी नऊ पायऱ्यांच्या सविस्तर व्याख्या प्रसिद्ध केल्या आणि २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्यांवर मानक काढले. भारतातही संशोधनास अर्थसाहाय्य देणाऱ्या काही संस्था ही मोजपट्टी वापरतात.

या नऊ पायऱ्या शेतीच्या आज्ञावलीस लावल्या तर त्यांचा अर्थ थोडक्यात असा होतो. पहिल्या तीन पायऱ्यांवर मूळ तत्त्व, त्यावरून सुचलेला उपयोग आणि जुन्या नोंदींवर केलेला पहिला पडताळा एवढेच असते. चौथ्या पायरीवर आज्ञावलीचे सर्व भाग प्रयोगशाळेत एकमेकांशी जुळून चालतात. पाचव्या व सहाव्या पायरीवर तिला शेतातून येणाऱ्या खऱ्या नोंदी दिल्या जातात. सातव्या पायरीवर तिचा नमुना प्रत्यक्ष शेतात, प्रत्यक्ष हंगामात चालवून पाहिला जातो. आठव्या पायरीवर ती पूर्ण होऊन तपासली जाते, आणि नवव्या पायरीवर नित्य वापरात ती टिकून राहिल्याचे सिद्ध होते.

कृषि विस्ताराच्या कार्यकर्त्यांस यात परके असे काही वाटू नये. नवे वाण प्रथम संशोधन केंद्रावर, मग निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्यांत, मग शेतकऱ्यांच्या शेतांवर पाहिले जाते. राज्यातील चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्यावर चर्चा होते आणि त्यानंतरच त्याची शिफारस होते. वाणांच्या बाबतीत जी शिस्त अनेक दशके पाळली गेली, तीच शिस्त आज्ञावलीच्या बाबतीत लावावयाची, एवढाच या नऊ पायऱ्यांचा आशय होय.

चौथ्या आणि सातव्या पायरीमधील दरी

संशोधन संस्थेतून निघणारी आज्ञावली बहुधा चौथ्या-पाचव्या पायरीवर असते. तेथपर्यंत तिचे काम चोख झालेले असते व त्याबद्दल संशोधकांस श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्या पायरीवरून सातव्या पायरीपर्यंतचे अंतर किती मोठे असते, याचा एक बोलका दाखला २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मिळतो. अमेरिका व स्वित्झर्लंड येथील संशोधकांनी १४ पिके व २६ रोग यांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे संगणकास दाखवून त्यास रोग ओळखावयास शिकविले. त्याच संग्रहातून बाजूला ठेवलेली छायाचित्रे ओळखण्यात संगणकाने ९९.३५ टक्के अचूकता दाखविली. मात्र निराळ्या परिस्थितीत काढलेली, इतर ठिकाणांहून गोळा केलेली छायाचित्रे पुढे येताच हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले. संशोधकांनी हा दुसरा आकडाही आपण होऊन प्रसिद्ध केला, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण होय.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. पहिल्या संग्रहातील पाने झाडावरून तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. शेतातले पान वाऱ्याने हलते, त्यावर धूळ असते, फवाऱ्याचे डाग असतात, सावली पडते आणि एकाच पानावर दोन रोगही असतात. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा व भुरी या दोन रोगांचे दडपण एकाच हंगामात बागायतदारावर असते. तेथे चुकीची ओळख म्हणजे चुकीची फवारणी. आता एखादा नवउद्योजक संगोपन केंद्रात येऊन अचूकता नव्व्याण्णव टक्के असल्याचे सांगेल, तर ते खोटे असेलच असे नाही. परंतु ती अचूकता कोणत्या पानांवरची, हा प्रश्न विचारणारा कोणी तेथे असला पाहिजे.

यंत्र आणि आज्ञावली यांतील भेद

पेरणीयंत्र किंवा पंप यांची पारख डोळ्यांनी व हातांनी करता येते. आज्ञावलीची पारख करताना काही गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट अशी की, आज्ञावली एकटी काम करीत नाही. पाणी व्यवस्थापनाचे उदाहरण घ्यावे. महात्मा फुले कृषि विद्यापीठाने ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ ही अ‍ॅप विकसित केली आहेत. अशा आज्ञावलीमागील तत्त्व पक्के आहे. हवामानावरून संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन काढावयाचे, त्यास पिकाच्या वाढीच्या अवस्थेनुसार पीक गुणांकाने गुणावयाचे आणि पिकाची पाण्याची गरज ठरवावयाची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेने १९९८ मध्ये या गणिताची प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली. परंतु गणित बरोबर असले तरी त्यास पुरविलेले आकडे बरोबर असावे लागतात. समजा, संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसाला ५ मिलिमीटर आहे आणि पिकाची अवस्था चुकीची नोंदली गेल्याने गुणांक ०.२ ने चुकला. दिवसाची चूक १ मिलिमीटरची झाली. हेक्टरभर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. दहा दिवसांत ही चूक हेक्टरी १ लाख लिटरवर जाते. विहीर उन्हाळ्यात तळ गाठू लागली असता एवढे पाणी अधिक देणे किंवा पिकास एवढे कमी पडणे, दोन्ही महागात पडणारे आहे. तात्पर्य, सूत्र नवव्या पायरीवर असले आणि त्यास आकडे पुरविणारी व्यवस्था चौथ्या पायरीवर असली, तर संपूर्ण आज्ञावली चौथ्याच पायरीवर आहे असे समजले पाहिजे. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते.

दुसरी गोष्ट न मिळालेल्या नोंदींची. प्रयोगशाळेत आज्ञावलीस जे आकडे दिले जातात ते निवडून, स्वच्छ करून दिलेले असतात. शेतातल्या उपकरणाचे तसे नसते. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकतो, विजेरी उतरते, वादळी पावसात नेमके संदेशवहन बंद पडते. अशा वेळी ‘नोंद आली नाही’ याचा अर्थ जर आज्ञावलीने ‘पाऊस पडला नाही’ असा घेतला, तर भिजलेल्या रानास पाणी देण्याचा सल्ला ती निर्धास्तपणे देईल. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही फार मोलाची सोय झाली. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात, आणि एका शिवारात सर पडते तर शेजारचे शिवार कोरडे राहते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. आकडा कोठला आहे आणि किती जुना आहे हे आज्ञावलीने स्वतःच सांगितले पाहिजे, आणि माहिती नसेल तेव्हा ती नसल्याचेही सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट मालकीची आणि लेखी माहितीची. संशोधनातील आज्ञावली पुष्कळदा विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या कामात लिहिलेली असते. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की तिची गुपितेही त्याच्याबरोबर जातात. ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाने, केवळ लेखी सूचना वाचून चालवून दाखविली, तरच ती टिकाऊ समजावी. त्याचप्रमाणे तिचे कोणते भाग इतरांच्या मुक्त आज्ञावलींतून घेतले, त्यांच्या अटी कोणत्या, संस्थेचा हक्क किती आणि ज्या शेतकऱ्यांच्या नोंदींवर ती शिकली त्यांची संमती घेतली होती काय, हेही पाहणे आवश्यक आहे. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, याचे भान येथे ठेवावे लागेल.

चौथी गोष्ट अशी की, एकदा आलेली सिद्धता कायम राहत नाही. सोयाबीनचे वाण जुने व खात्रीचे असले तरी त्याचे बियाणे दर वर्षी तपासावे लागते, कारण त्याचे आवरण नाजूक असते व हाताळणीत उगवण घटते. आज्ञावलीही अशीच नाजूक असते. किडीच्या सवयी पालटतात, नवे वाण येते, मोबाइलची आतली रचना बदलते, आकडे पुरविणारी यंत्रणा थांबते. कृषि विज्ञान केंद्रांत स्थापन झालेली जिल्हा कृषि हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली. त्यांच्या स्थानिक सल्ल्यावर जी साधने विसंबून होती, त्यांच्या आज्ञावलीतले एक अक्षर न बदलताही त्यांची उपयुक्तता बदलली. म्हणून सिद्धतेच्या दाखल्यावर तारीख असली पाहिजे आणि त्यास मुदतही असली पाहिजे.

महाराष्ट्राच्या अनुभवाचा धडा

आज्ञावली आणि ग्रामस्तरीय कार्यकर्ते यांची सांगड कशी घालावी, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाडा या भागांत सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन किडींची मोजणी करावयाची, ती ठरावीक नमुन्यात नोंदवावयाची, संगणकावर तिचे संकलन व्हावयाचे, आर्थिक नुकसानीची पातळी कोठे ओलांडली जात आहे हे पाहून विद्यापीठातील तज्ज्ञांनी सल्ला द्यावयाचा आणि तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावयाचा, अशी त्याची घडी बसविण्यात आली.

या कामात संगणकाचा वाटा मोलाचा होता. परंतु तो अनेक कड्यांपैकी एक कडी होता. कीड ओळखणारा माणूस प्रशिक्षित होता, नोंदीचा नमुना सर्वत्र सारखा होता आणि संगणकातून निघालेल्या तक्त्यावर तज्ज्ञाची नजर फिरत होती. संगोपन केंद्रात येणाऱ्या आज्ञावलींमध्ये नेमकी हीच माणसे बहुधा गृहीत धरलेली असतात. नोंद कोण करणार, तो दिवसाला किती शेते पाहू शकेल, शंका आली तर कोणास विचारणार, यांची उत्तरे ज्या आज्ञावलीजवळ नाहीत ती सातव्या पायरीवर पोहोचली असे म्हणता यावयाचे नाही, मग तिच्या मागचे गणित कितीही सूक्ष्म असो.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या मतावर काही आक्षेप घेतले जातात व ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, बियाणे एकदा पेरले की परत घेता येत नाही. आज्ञावली मात्र आज चुकली तर उद्या दुरुस्त करता येते, तेव्हा तिला वाणांसारखी वर्षानुवर्षांची चाचणी कशाला? आज्ञावली दुरुस्त होते हे खरे. परंतु तिच्या सांगण्यावरून केलेली फवारणी परत घेता येत नाही. म्हणून सर्व आज्ञावलींस एकच माप लावू नये. बाजारभाव दाखविणारी किंवा जमाखर्च ठेवणारी आज्ञावली चुकली तर ती चूक लवकर ध्यानात येते व निस्तरता येते; तिला लवकर वाट मोकळी करून द्यावी. औषध, खत, पाणी आणि पेरणीची वेळ यांविषयी सल्ला देणारी आज्ञावली मात्र एक पूर्ण हंगाम शेतात पाहिल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये.

दुसरा आक्षेप तरुण उद्योजकांच्या बाजूने येतो. हंगामभर थांबावयाचे तर तोवर त्यांचे भांडवल संपते. ही अडचण खरी आहे, आणि तिचा उपाय चाचणी टाळण्यात नसून चाचणीचा खर्च उचलण्यात आहे. साहाय्याच्या रकमेतील काही भाग शेतावरील चाचणीसाठीच राखून ठेवावा. तिसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या बाजूचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे: प्रयोगाचा धोका शेतकऱ्याने का पत्करावा? त्याने तो पत्करू नये. चाचणी चालू आहे हे त्यास स्पष्ट सांगावे, सगळ्या शेतावर नव्हे तर एका पट्ट्यावर ती करावी, शेजारच्या पट्ट्यावर नेहमीची पद्धत ठेवावी आणि चाचणीच्या पट्ट्यात उत्पन्न घटले तर ती तूट चाचणी करणाऱ्याने भरून द्यावी.

संगोपन केंद्रांनी काय करावे

बियाणे कायदा १९६६ मध्ये झाला. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर लेबल असते; त्यावरून वाण, उगवण, शुद्धता, चाचणीचा दिनांक व मुदत कळते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. शेतकऱ्यास बीजशास्त्र ठाऊक असण्याची गरज नसते. लेबल वाचता आले म्हणजे पुरे. शेतीच्या आज्ञावलीसही असेच एक सिद्धतापत्रक असावे आणि पुण्यातील संगोपन केंद्रांनी ते प्रथम सुरू करावे.

या पत्रकावर मोजक्या गोष्टी साध्या मराठीत छापलेल्या असाव्यात. आज्ञावली कोणत्या पिकासाठी आहे व कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या जमिनीवर, कोणत्या हंगामात पाहिली गेली. चाचणी किती शेतांवर झाली व ती कोणी केली. शंभर सल्ल्यांपैकी किती बरोबर निघाले. हवामानाचे आकडे कोठून येतात. मोबाइलला संदेशवहन नसेल तर काय होते. चूक आढळल्यास जबाबदार कोण. आणि हा दाखला कोणत्या तारखेपर्यंत चालेल. नाशिकच्या बागेत तपासलेली आज्ञावली सोलापूरच्या बागेसाठी तपासलेली नाही, हे त्यावरून कोणासही कळेल. ‘पायरी सातवी’ एवढे नुसते लिहून भागणार नाही. कोठे आणि कशासाठी सातवी, हेही त्याच ओळीत आले पाहिजे. शिवाय चाचणी करणारे हात आज्ञावली लिहिणाऱ्यांचे असू नयेत. आपल्या लेकराचे दोष आईबापास दिसत नाहीत, हे येथेही लागू आहे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी काय करावे

असे पत्रक निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. बियाण्याची गोणपाटावरील चाचणी जशी प्रयोगशाळेवाचून होते, तशी आज्ञावलीची एक प्राथमिक चाचणी गावात होऊ शकते. नवे अ‍ॅप गावात आले की त्याची शिफारस करण्यापूर्वी निरनिराळ्या जमिनींची व निरनिराळ्या वयाच्या पिकांची दहा शेते निवडावीत. प्रत्येक शेतासंबंधी अ‍ॅपचा सल्ला प्रथम कागदावर लिहून ठेवावा. नंतर शेतात जाऊन पाहावे. जमिनीत ओल किती आहे, कीड खरोखर किती आहे, डाग कशाचा आहे, हे त्याच कागदावर सल्ल्यासमोर नोंदवावे. शंका असेल तेथे नजीकच्या कृषि विज्ञान केंद्रातील किंवा विद्यापीठातील तज्ज्ञांस विचारावे. पंधरा दिवसांनी हाच क्रम पुन्हा करावा, आणि एकदा तरी तो पावसानंतरच्या दिवशी करावा, कारण आज्ञावलीची खरी परीक्षा त्या दिवशी होते.

दहा शेतांच्या नोंदीवरून अंतिम निर्णय करता येत नाही, हे खरे. परंतु दहांपैकी पाच ठिकाणी सल्ला चुकला, तर सावध होण्यास तेवढे पुरेसे आहे. आणि ज्या पाच ठिकाणी तो चुकला त्यांत सारखेपणा कोणता, हे आज्ञावली बनविणाऱ्यांस कळविले तर त्यांस पुण्यात बसून जे उमगले नसते ते उमगेल. अशा नोंदी कार्यालयाच्या कपाटात पडून राहू नयेत. त्या संगोपन केंद्रापर्यंत पोहोचाव्यात आणि केंद्राने त्यांची पोच द्यावी, अशी व्यवस्था झाली पाहिजे.

शेतकरी बंधुभगिनींनीही दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हे अ‍ॅप माझ्या पिकावर, माझ्या तालुक्यात कोणी तपासले? आणि ते चुकले तर मी कोणाकडे जावे? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या अ‍ॅपचा सल्ला माहिती म्हणून ऐकावा, आज्ञा म्हणून पाळू नये.

विश्वास हे भांडवल

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. येत्या काळात अशा साधनांची संख्या वाढतच जाणार, आणि ती वाढावी हेही इष्ट आहे. पाणी व मजूर यांची टंचाई, हवामानाचा लहरीपणा आणि वाढता खर्च यांना तोंड देण्यास वेळेवर मिळालेला योग्य सल्ला फार मोठा आधार ठरू शकतो. त्यामुळेच घाईने पुढे केलेल्या कच्च्या साधनाचे नुकसान दुहेरी असते. एक हंगाम तर जातोच, शिवाय दुधाने तोंड पोळलेला शेतकरी पुढे ताकही फुंकून पितो आणि चांगल्या साधनाकडेही पाठ फिरवितो. विस्तार कार्याचे खरे भांडवल शेतकऱ्याचा विश्वास हेच आहे. ते जमविण्यास पिढ्या लागतात व गमावण्यास एक चुकीची फवारणी पुरते.

संशोधकाची बुद्धी, उद्योजकाची उमेद आणि संगोपन केंद्राचा पैसा या तिन्ही गोष्टी पुण्यात आहेत. चौथी गोष्ट, म्हणजे शेतातला निकाल, गावात आहे. तो निकाल मागितल्यावाचून कोणत्याही केंद्राने कोणत्याही आज्ञावलीस सिद्ध म्हणू नये, आणि तो नोंदविल्यावाचून कोणत्याही कार्यकर्त्याने तिची शिफारस करू नये.